मोटारीची उंची उतरविताना मागील आसाचे स्थान

मोटारीचा सांगाडा रस्त्याच्या अधिक जवळ यावा म्हणून मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड व कडक स्प्रिंगा बसविण्याची आवड काही वाहनधारकांत आढळते. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते, हा या प्रथेचा शास्त्रीय आधार होय आणि तो खोटा नाही. मात्र स्प्रिंग म्हणजे केवळ उंचीचा टेकू, ही समजूत अपुरी आहे. कर्जत व खालापूर या तालुक्यांत तर ती धोक्याचीही ठरते. येथील वाहनास एकाच फेरीत गावोगावचे गतिरोधक, पावसाळ्यातील खड्डे आणि बोरघाटाचा किंवा नेरळहून दस्तुरीकडे जाणारा चढउतार या साऱ्यांस तोंड द्यावे लागते.

जुन्या अँबॅसेडर अथवा पद्मिनी गाडीच्या मागील बाजूस पाटे असत. पाटा भारही पेली आणि आसाला जागेवर धरूनही ठेवी. वेटोळ्याच्या स्प्रिंगेस मात्र आडवा जोर पेलण्याचे सामर्थ्य नसते. ती भार तेवढा घेते. म्हणून इनोव्हा क्रिस्टा किंवा जिम्नी यांसारख्या अखंड आसाच्या गाड्यांत आसाला पुढेमागे सरकू न देण्यासाठी लांब दांडे आणि डावीउजवीकडे सरकू न देण्यासाठी एक आडवा दांडा योजलेला असतो. या आडव्या दांड्यास पॅनहार्ड दांडा म्हणतात. त्याचे एक टोक सांगाड्यास व दुसरे आसास जोडलेले असते. हे सर्व दांडे ठराविक उंची गृहीत धरून मापलेले असतात. उंची बदलली की त्यांची मापे चुकीची ठरतात, आणि तथाकथित आसाचे दोष येथूनच उद्भवतात.

एक उदाहरण घेऊ. दांडा ९०० मिलिमीटर लांब असून त्याचे सांगाड्याकडील टोक आसाकडील टोकापेक्षा १२० मिलिमीटर उंच आहे असे समजा. पायथागोरसाच्या सिद्धांताने दोन्ही टोकांतील आडवे अंतर ८९२ मिलिमीटर येते. गाडी ४० मिलिमीटर उतरविली की उंचीतील फरक ८० मिलिमीटर राहतो आणि आडवे अंतर ८९६.४ होते. दांड्याची लांबी बदलत नसल्याने आसच सुमारे साडेचार मिलिमीटर एका बाजूस ढकलला जातो. एका बाजूचे चाक तेवढे बाहेर, दुसऱ्या बाजूचे तेवढे आत. नजरेस फरक नऊ मिलिमीटरांचा दिसतो. टायर मडगार्डच्या कडेस घासू लागला की पुष्कळदा कडाच ठोकून वाकविली जाते. ही मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारा दांडा बसविणे. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी करावी, दोन्ही मडगार्डांवरून ओळंबे सोडून रिमपर्यंतची अंतरे मोजावीत आणि ती समान होईतो दांडा फिरवावा. जॅकवर चढविलेल्या गाडीत आस खाली लोंबतो, म्हणून तेथील मोजमाप निरुपयोगी होय.

आसाचे असे सरकणे सर्वत्र दोषच असते असे मात्र नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेची मूळ वाफेची इंजिने क्लीन-लिंडनर पद्धतीची होती. अवघ्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरील अतितीव्र वळणे घेता यावीत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना बाजूस सरकण्याची व वळण्याची मुभा मुद्दाम ठेवलेली होती. तेथे चाकास वाट दाखविण्यास रूळ आहे. मोटारीस तो नाही.

दांड्यांच्या टोकांतील रबरी बुशांकडे कारागिरांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आस लोंबता ठेवून बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबरास कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. शेवटचे आवळणे गाडीचा भार चाकांवर आल्यावरच करावे. लांब दांड्यांचा कोन बदलल्याने आस किंचित गोलही फिरतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन असमान होतात, एकाने निर्माण केलेली गतीतील चढउतार दुसरा पुरती नाहीशी करू शकत नाही, आणि विशिष्ट वेगास गाडी थरथरते.

मूळ स्प्रिंगेचे वेढे कापण्याचा किंवा ती गॅसने तापवून बसविण्याचा स्वस्त मार्ग सर्वथा त्याज्य आहे. तापविल्याने पोलादाचे पाणी जाते. अति आखूड स्प्रिंग, चाक खड्ड्यात लोंबले असता, बैठकीतून सुटूही शकते. शिवाय उंची उतरली की आस व रबरी थांबा यांतील अंतर तेवढेच घटते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो. २.७५ मीटर चाकांतर असलेल्या गाडीच्या पोटाखालची त्यामुळे केवळ साडेपाच सेंटिमीटर जागा व्यापली जाते. परंतु गावात हौसेने घातलेला अरुंद उंचवटा आपली संपूर्ण उंची वसूल करतो, आणि आस थांब्यावर आदळतो.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची. काही गाड्यांत भारानुसार मागील ब्रेकचा दाब ठरविणारी झडप सांगाड्यावर असून ती एका दुव्याने आसास जोडलेली असते. सांगाडा आसाच्या जवळ आला, म्हणजे गाडी भरलेली आहे, असा तिचा हिशेब. उतरविलेली रिकामी गाडी तिला कायम भरलेलीच वाटते आणि मागील चाकांस ती अधिक दाब देते. खंडाळ्याहून खोपोलीस येताना जवळजवळ ५०० मीटर उतार आहे. उतारावर ब्रेक लावताच भार पुढे सरकतो व मागील चाके हलकी होतात. ओल्या रस्त्यावर ती अडकली की त्यांची आडवी पकड नाहीशी होऊन गाडीची शेपटी फिरते. म्हणून दुवा नव्या उंचीस जुळवून घ्यावा. त्यानंतर मोकळ्या, सपाट व ओल्या जागी मंद वेगात जोराने ब्रेक लावून पाहावे: मागील चाके पुढील चाकांच्या आधी अडकत असतील, तर ती गाडी घाटात नेऊ नये.