मेल उडवले, तरी जागा होईना

दिवाळीनंतरच्या रविवारी मामा हातात फोन धरूनच आले. जीमेल उघडलं की वर इशारा दिसत होता : खात्यातली जागा संपली. तीन दिवस दुपारची झोप सोडून त्यांनी मेल उडवले होते. एकेक, अंगठ्याने बाजूला सरकवत, हजारभर तरी. इशारा मात्र जागचा हलला नव्हता. त्याच दिवसांत आरोग्यविम्याच्या दाव्यासाठी कागदपत्रं मागणारा मेल त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. खातं भरलं की नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो.

मी फोन हातात घेतला आणि ‘ऑल मेल’ हा कप्पा उघडला. उडवलेले सगळे मेल तिथे सुखरूप होते. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मेल बाजूला सरकवला की मुळातल्या सेटिंगनुसार तो डिलीट होत नाही, ‘आर्काइव्ह’ होतो. म्हणजे इनबॉक्समधून दिसेनासा होतो, खात्यात राहतोच आणि जागाही तेवढीच अडवतो. मेल काढून टाकायचा तर कचराकुंडीचं चिन्हच दाबावं लागतं. तेवढ्यानेही काम पुरं होत नाही. डिलीट केलेला मेल ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून असतो आणि तोवर जागेच्या हिशेबात धरला जातो. जागा आज हवी असेल तर ट्रॅश आणि स्पॅम दोन्ही आपल्या हाताने रिकामे करावे लागतात.

पण मामांच्या खात्यात खरी गोम वेगळीच होती, आणि ती घरोघरी आढळते. ‘मेल फार साठले म्हणून खातं भरलं’ असं आपण धरूनच चालतो. २००४ साली १ एप्रिलला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळणार हे ऐकून अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली होती. आज १५ जीबी मिळते, पण ती एकट्या मेलची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांचा तो एकत्र शिधा आहे. १ जून २०२१ पासून फोटोज‌मध्ये नव्याने चढवलेलं सगळं त्यात मोजलं जातं. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी या हिशेबाबाहेर होता. २०२४ च्या पहिल्या सहामाहीपर्यंत टप्प्याटप्प्याने तोही आत आला. बहुतेकांना हे कळलंच नाही.

मामांच्या खात्याचा हिशेब उघडला तर जीमेल २ जीबीसुद्धा नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ८ जीबीचा होता, उरलेली जागा बहुतेक फोटोंनी खाल्ली होती. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, कुणाच्या तरी नातवाचं स्नेहसंमेलन. रोज रात्री हे सगळं इमानेइतबारे ड्राइव्हवर चढत होतं, आणि दिवसा मामा वीजबिलाचे मेल पुसत होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट बॅकअप’ उघडून व्हिडिओ घेण्याचं बटण बंद केलं आणि लगेच नवा बॅकअप घेतला. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो, त्यामुळे पाच जीबीच्या वर जागा एका तासात मोकळी झाली. व्हिडिओ फोनमध्ये होते तसेच आहेत.

फोटोंच्या बाबतीत मात्र एक कळकळीची सूचना. ‘ऑनलाइनचा फोटो पुसला, फोनमधला आहेच की’ या भरवशावर गूगल फोटोज‌मधून काही उडवू नका. बॅकअप झालेला फोटो तिथून डिलीट केला की सहसा फोनमधूनही जातो.

आणि मेलच कमी करायचे असतील तर संख्येच्या मागे लागू नये. साधा मेल ५० केबीचा धरला तर १ जीबी भरायला २० हजार मेल लागतात. २५ एमबीची जोडपत्रं असलेले ४० मेल तेवढंच काम करतात. कॉम्प्युटरवर जीमेलच्या शोधपट्टीच्या टोकाला जे चिन्ह आहे, ते दाबल्यावर ‘अमुक एमबीपेक्षा मोठे’ असं निवडता येतं. १० टाका, आणि जे समोर येईल ते वाचून मग पुसा. जमिनीची कागदपत्रं, मुलांची प्रमाणपत्रं यांचे स्कॅनही अशाच जड मेलमध्ये असतात.

जागेचा प्रश्न इथे मिटतो. लक्ष विखुरण्याचा प्रश्न निराळा, त्याला उपायही निराळे. न वाचलेल्यांचा चार आकडी लाल ठिपका बघून अनेकजण कप्पे पाडायला बसतात : बँक, शाळा, प्रवास, त्यात पुन्हा वर्षं. २०११ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ जण जुने मेल कसे शोधतात ते तपासलं. कप्पे लावणाऱ्यांना मेल सापडण्यात काही अधिक यश मिळत नव्हतं, शोधपट्टीत शब्द टाकणाऱ्यांचं काम लवकर होत होतं. तेव्हा तो वेळ जाहिराती थांबवण्यात घालवलेला बरा.

त्यातही ‘अनसबस्क्राइब केलं तर उलट जास्त मेल येतात’ ही भीती सरसकट खरी नाही. दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ते कमी करावं, असा नियम गूगलने २०२४ मध्ये आणला. ज्या दुकानातून तुम्ही स्वतः खरेदी केलीत त्याला बिनधास्त नाही म्हणा. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका, तो ‘स्पॅम’ म्हणूनच कळवा.

इशारा गेला तसे मामा सैलावले. “आता तो विम्याचा मेल येईल ना?” त्यांनी विचारलं. नाही, परत गेलेला मेल जागा झाली म्हणून आपोआप येत नाही. तो कुठे रांगेत थांबलेला नसतो, पाठवणाऱ्यालाच पुन्हा पाठवावा लागतो. सोमवारी कार्यालय उघडताच मामांनी फोन केला. अकराच्या सुमाराला मेल आला, आणि कागदपत्रं द्यायची मुदत संपायला चार दिवस उरले होते.