राज्य बदलायचं का? प्लस-मायनसच्या आधी करायचा हिशेब

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये लटकून ऐकत असाल तर आधी नीट उभे राहा, मग पुढे ऐका.

आजचा विषय तुमच्या मेसेजेसमधूनच आलाय. "बंगळुरूची ऑफर आहे, जाऊ का?" "गोव्यात भाड्याने राहून घरूनच काम केलं तर?" "लग्नानंतर अहमदाबादला जावं लागेल, नोकरीचं काय करू?" हे प्रश्न आता माझेही आहेत, कारण मलासुद्धा हैदराबादची ऑफर आलीय. वय २७. लालबागला पागडीच्या खोलीत आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी राहतो. खोली साधारण १८० चौरस फूट, मोरीसकट.

अशा वेळी सगळे सांगतात, एका कागदावर दोन रकाने कर, प्लस आणि मायनस. मी केले. दोन्हीकडे आठ-आठ मुद्दे आले आणि डोकं होतं तिथेच राहिलं. कारण दोन रकान्यांत सगळे मुद्दे सारख्याच वजनाचे दिसतात. "तिथे वडापाव मिळत नाही" हा एक मायनस आणि "खोलीवरचा हक्क जाऊ शकतो" हाही एकच मायनस!

म्हणून मी तीन रकाने केले. पहिला: परत आलो की लगेच मिळेल असं. दुसरा: परत मिळेल, पण वेळ आणि पैसा जाईल. तिसरा: एकदा सुटलं की बहुतेक परत मिळणार नाही. आज हे तीन रकाने एकेक करून भरूया.

आधी पगार, कारण सगळे तिथूनच सुरू करतात

माझे आकडे सांगते. आत्ता हातात ३८,००० येतात. हैदराबादला ५५,००० येतील. फरक १७,०००. ऐकायला मस्त वाटतं ना?

आता खर्च मांडू. दोन मैत्रिणींसोबत फ्लॅट घेतला तर माझ्या वाट्याचं भाडं ११,०००. जेवणखाण ६,०००. मेट्रो-रिक्षा २,०००. दोन महिन्यांतून एकदा घरी यायचं म्हटलं, तर महिन्याला १,५०० धरा. झाले २०,५००. इथला रेल्वेचा पास आणि दुपारचं बाहेरचं जेवण वाचेल, ते ३,००० वजा करा. म्हणजे नवा खर्च १७,५००. पगारवाढ १७,०००. ५०० रुपयांचा तोटाच! घरी देते ते १०,००० मी तेवढेच देत राहणार, ते यात धरलेलेच नाहीत. डिपॉझिट वेगळं.

हे गणित सगळ्यांचं असं येणार नाही. तुम्ही आत्ताच मुंबईत भाड्याने राहत असाल, तर तुमचा आकडा चांगलाच प्लसमध्ये जाईल. पण गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला घरभाडं जवळपास नसतंच. आपल्यासाठी राज्य बदलणं म्हणजे पहिल्यांदा घरभाडं सुरू होणं. ऑफर लेटर बघताना हे आधी लक्षात घ्या.

तरीही पैसा मी पहिल्या रकान्यात टाकते. कारण पगार कमी पडला तर नोकरी बदलता येते, जमलं नाही तर परतही येता येतं. तोटा होतो, पण तो भरून निघतो.

प्लस बाजूला कमी लेखू नका

हे ऐकून "मग जाऊच नको" म्हणणारे असतील. थांबा.

तिथलं काम मला इथे मिळत नाहीये. आजवर मला कधी दार लावून बसायला खोली मिळालेली नाही. हा पॉडकास्टसुद्धा मी रात्री ११ नंतर रेकॉर्ड करते, शेजारचा टीव्ही बंद झाला की. स्वयंपाक, बँक, डॉक्टर, घरमालकाशी बोलणं, हे सगळं एकटीने निभावायची सवय घरात राहून लागत नाही. आणि या गोष्टी २७ व्या वर्षी जितक्या सोप्या आहेत तितक्या ३७ व्या वर्षी नसतील. म्हणजे "संधी" हीसुद्धा तिसऱ्या रकान्यातली गोष्ट असू शकते. ही ऑफर पुन्हा येईलच असं नाही. हेही त्याच तराजूत टाकायचं.

हैदराबाद काही आपल्याला अगदी परकंही नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि तिथली मराठी वस्ती जुनी आहे. सीएसएमटीहून रात्री हुसेनसागर एक्स्प्रेसला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबाद. मात्र गणपतीचं तिकीट आधी बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तारीख चुकली की लालबागमध्ये राहणाऱ्याला गणपती मोबाइलवर बघायची वेळ!

दुसरा रकाना: कागदपत्रं आणि गाडी

राज्यघटनेच्या कलम १९ नुसार देशात कुठेही जायचा, राहायचा आपल्याला हक्क आहे. कुणाची परवानगी लागत नाही. पण राज्य बदललं की काही कागद आपोआप सोबत येतात आणि काही येत नाहीत.

आपोआप येणारे कोणते? ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं. पीएफचा यूएएन तोच राहतो. रेशनचं धान्य "वन नेशन वन रेशन कार्ड"मुळे २०२२ पासून सगळ्या राज्यांत घेता येतं. आईवडिलांचं वय ७० किंवा जास्त असेल, तर आयुष्मान कार्डावरचं ५ लाखांचं संरक्षण देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं.

खटपट कशाला लागते? गाडीला. एमएच ०१ ची स्कूटर दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिथला रोड टॅक्स, आणि मग इथे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायचा अर्ज. सगळं होतं, पण चपला झिजतात. नवी गाडी घेणार असाल आणि कंपनीची ऑफिसं ४ किंवा जास्त राज्यांत असतील, तर २०२१ पासून सुरू झालेली बीएच सिरीज बघा. तिच्यात राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही.

मतदानासाठी फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्यायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. आणि निघण्याआधी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, काढून ठेवा. त्यासाठी राज्यात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे लागतात. आज ते शाळेच्या दाखल्यापासून सगळे घरातच आहेत. दहा वर्षांनी तेलंगणातून येऊन ते गोळा करणं वेगळी गोष्ट आहे. म्हाडाच्या लॉटरीत हेच डोमिसाइल मागतात.

तिसरा रकाना, पहिली ओळ: पागडीची खोली

आता खरा मुद्दा. आपल्या भागातल्या कित्येक घरांना हा लागू होतो, आणि ऑफर आल्यावर याबद्दल कुणी बोलत नाही.

पागडीच्या खोलीचे आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. भाडेकरू वारला की त्याच्यानंतर भाडेकरू कोण, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. राहत्या जागेसाठी पहिला मान त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला. असं कुणीच नसेल तर मग वारसांपैकी कुणीतरी. त्यांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवणार.

म्हणजे इथे "मी मुलगी आहे" किंवा "मी मोठी आहे" एवढंच पुरत नाही. सोबत कोण राहत होतं, हे बघितलं जातं. आणि नुसतं रेशनकार्डावर नाव आहे म्हणून "राहते" असं सिद्ध होत नाही. खरोखर राहणं महत्त्वाचं.

याच कायद्यात दुसरी गोष्ट आहे. सबळ कारण नसताना खोली सलग ६ महिने वापरात नसेल, तर मालक तेवढ्यावरून ताबा मागायला कोर्टात जाऊ शकतो. हे एकुलत्या एक मुलामुलींनी खास लक्षात ठेवा. आईवडिलांना सोबत न्यायचं आणि इथे कुलूप लावायचं, हा बेत दिसतो तितका साधा नाही. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा घ्यायची हौस कुणालाच नसते.

आणि खोली म्हणजे आज फक्त १८० फूट नाही. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला, तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं, तेही मालकीचं. लालबागमध्ये ३०० फूट म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या १७,००० च्या पगारवाढीशी याची तुलनाच होत नाही.

मी गेले आणि भाऊ आईबाबांसोबत राहिला, तर उद्या कायद्याच्या नजरेत त्याची बाजू माझ्यापेक्षा भक्कम होणार. आमच्याकडे हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. "तुझं काय, लग्न झालं की जाणारच" असं म्हणून विषय संपायचा. पण लग्न करून परळलाच राहिले असते तरी हा प्रश्न होताच, फक्त कुणी विचारला नसता.

दुसरी ओळ: जातप्रमाणपत्र आणि मुलांचं शिक्षण

हा कायदा ज्या खटल्यातून स्पष्ट झाला, तो आपल्या परळच्याच कॉलेजचा. केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डीनविरुद्ध मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याने खटला भरला होता. तो आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीचा, वडिलांच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात आलेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या आहेत. दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या आरक्षणाचा लाभ आपोआप मिळत नाही. २०१८ मध्ये घटनापीठानेही हेच तत्त्व कायम ठेवलं.

म्हणजे तुमचं प्रमाणपत्र रद्द होत नाही. महाराष्ट्रात ते चालतं. पण तेलंगणाच्या किंवा कर्नाटकाच्या राज्य सरकारी नोकरीत ते घेऊन उभं राहता येत नाही.

मुलं असतील तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाइल लागतं आणि, काही अपवाद सोडले तर, दहावी-बारावीही इथूनच झालेली लागते. तेलंगणातही बारावीपर्यंतची सलग ४ वर्षं तिथेच शिकल्याची अट आहे. मूल दहावीत असताना राज्य बदललं तर ते इथल्या कोट्यात नाही आणि तिथल्याही नाही. शिवाय तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची आहे. पहिलीतलं पोर शिकून जाईल, आठवीतल्याचे हाल होतील. तेव्हा मुलं असतील तर एकतर लहानपणी जा, नाहीतर बारावीनंतर.

आपल्या आजोबांनी काय केलं होतं?

गिरणगाव हे मुळात गाव सोडून आलेल्यांचंच. कोकणातून, घाटावरून माणसं आली, गाळ्यात आणि गावकीच्या खोल्यांत दाटीने राहिली, खानावळीत जेवली, गावी मनीऑर्डर पाठवत राहिली. पण गावचं घर आणि जमिनीचा तुकडा बहुतेकांनी सोडला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार बंद झाले तेव्हा कित्येक जण त्याच घराच्या भरवशावर गावी परतले. ज्यांच्याकडे परतायला काही नव्हतं, त्यांचे हाल जास्त झाले.

त्यांनी जाण्याआधी प्लस-मायनस लिहिले नसतील. पण परतीची वाट सांभाळली होती. आपल्याला ती थोडी वेगळ्या पद्धतीने सांभाळावी लागते, कारण आपण राज्याची हद्द ओलांडतोय. आपली वाट कागदांवर आणि तारखांवर अवलंबून आहे.

मग मी काय ठरवलं?

मी जातेय. पण त्याआधी गेल्या रविवारी आम्ही चौघं बसलो आणि खोलीचा विषय काढला. बाबा आधी चिडले, "मी जिवंत आहे अजून" म्हणाले. आई म्हणाली, "म्हणूनच आत्ता बोलूया." भावाने स्वतःहून सांगितलं की पुनर्विकास झाला तर माझा वाटा तो मानेल. ते लिहून काढलंय. त्याला कायद्यात किती वजन आहे, ते या आठवड्यात वकिलांना विचारणार आहोत. तुम्हीही तुमच्या खोलीचं वकिलालाच विचारा, माझ्या पॉडकास्टवर खोली सोडू नका!

वजन कमी निघालं तरी मी जाणार. खोलीवरचा हक्क सैल होऊ शकतो हे माहीत असताना मी ही नोकरी घेतेय. आकडा बघून भुलले असते आणि दहा वर्षांनी हे कळलं असतं, तर आमची भावंडांची भांडणं झाली असती. डोमिसाइलचा अर्ज भरलाय. स्कूटर भावाला देतेय. एका वर्षाने तीन रकाने पुन्हा भरायचे, अशी तारीख फोनमध्ये टाकून ठेवलीय.

तुम्हीही आज रात्री तीन रकाने करून बघा. पहिले दोन कितीही लांब झाले तरी घाबरू नका. तिसऱ्यात जे येईल ते मात्र घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. आणि तुमच्या तिसऱ्या रकान्यात काय आलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तो भाग हैदराबादहून येईल, आवाज थोडा वेगळा वाटला तर समजून घ्या. खोली रिकामी असेल, थोडा घुमेल!

भेटूया, काळजी घ्या.