दांडिया बाजारच्या परिसरात

बडोद्यास जाऊन आलेल्या माणसास तेथे काय पाहिले असे विचारले, म्हणजे बहुधा ठरावीक उत्तर मिळते : लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग आणि तेथील संग्रहालय. ही स्थळे प्रेक्षणीय आहेत यात शंका नाही. परंतु एवढे पाहून परतीची गाडी गाठणाऱ्या मराठी प्रवाशास आपले स्वतःचे असे बडोदे दिसावयाचे राहूनच जाते. १७३४ पासून १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, येथे गायकवाडांची सत्ता नांदली. १९६० मध्ये बडोदे गुजरात राज्यात गेले; मराठी कुटुंबे मात्र येथेच राहिली. त्यांच्या जुन्या वस्तीचा एक भाग म्हणजे दांडिया बाजार. या पेठेच्या आसपास पायी हिंडून एका दिवसात जे पाहता येते, त्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

आरंभ जवळच्या रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यापासून करावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे राहते घर. मराठा पद्धतीच्या या लाकडी वाड्याचे खरे धन आहे ते भिंतींवर. कृष्णचरित्र, पुराणकथा, लढाया, युरोपीय वेशातील माणसे असे कितीतरी विषय येथे रंगविलेले आहेत. एकाच भिंतीवर देव आणि साहेब शेजारी नांदताना पाहिले, म्हणजे त्या काळच्या सरदारमंडळींचे जग केवढे पालटत होते, हे कोणत्याही बखरीपेक्षा लवकर ध्यानी येते.

वाडा पाहून झाल्यावर विश्वामित्री नदीच्या बाजूस कीर्तिमंदिराकडे वळावे. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीराव महाराजांनी ही वास्तू बांधविली व १९३६ साली ती पुरी झाली. तिच्या आतील भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारत आणि रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकातील प्रसंग रंगविले आहेत. तांबेकर वाड्यातील चित्रकारांची नावे सामान्य प्रेक्षकास ठाऊक नाहीत. येथील चित्रकाराचे नाव सर्व देशास ठाऊक आहे. दोहोंमध्ये सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे, तरी पायांना ते अंतर फारसे जाणवत नाही. एकाच फेरीत भित्तिचित्रांचे हे दोन काळ पाहावयास मिळावेत, असा योग विरळा.

दांडिया बाजारात परत आल्यावर श्रीअरविंद निवासात थोडा वेळ बसावे. १८९३ ते १९०६ पर्यंत अरविंद घोष बडोद्यास नोकरीत होते. त्यांचे स्नेही खासेराव जाधव यांच्या या बंगल्यात त्यांचे बरेच दिवस वास्तव्य होते. मराठी व गुजराती या भाषांचा परिचय त्यांनी बडोद्यातच करून घेतला. पुढे जानेवारी १९०८ मध्ये विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याची व त्यांची भेट झाली, तीही याच शहरात.

याच पेठेत जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी देशी व्यायामाला येथे सांघिक शिस्तीचे वळण दिले. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि दोघांची एकच लाल माती, ही गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे.

सूरसागर तलावाकाठी संगीताचे विद्यालय आहे. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा आज विद्यापीठाची विद्याशाखा झाली आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ काही काळ बडोद्याच्या दरबारी होते. येथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यांची कन्या हिराबाई यांनी ‘बडोदेकर’ हे आडनाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचविले. एवढे हिंडून भूक लागली, तर सेव-उसळ खावी. उसळ आपली आणि सेव गुजरातची. दोन प्रांतांचा संसार एका ताटलीत कसा सुखाने चालतो, याचा तो चविष्ट पुरावा होय.

आता थोडे निकडीचे. कागदावरचे चित्र संकटकाळी उचलून सुरक्षित जागी नेता येते. भिंतीवरचे चित्र भिंतीबरोबर जगते आणि भिंतीबरोबरच जाते. ओल चढली, गिलावा सुटला की रंग परत मिळत नाही. तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी कित्येक चित्रांवर काळाचे ओरखडे स्पष्ट दिसतात. ज्या वास्तूकडे माणसांची पावले वळत नाहीत, तिच्या दुरुस्तीची तातडी सहसा कोणास वाटत नाही. पाहणारे येत राहिले तर विचारणारेही निर्माण होतात. म्हणून बडोद्यास जाल तेव्हा एक दिवस अधिक ठेवा. मुलांना बरोबर घ्या, भिंतींना हात लावू देऊ नका, चित्रातील कथा मात्र त्यांना मराठीत समजावून सांगा. वाड्याची राखण खात्याकडे सोपविता येते. ही दुसरी राखण आपल्यालाच करावयाची आहे.