मित्राने कथा वाचायला पाठवलीय? 'मस्त रे' टाइप करण्याआधी हे वाचा

व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. खाली मेसेज असतो, 'पहिलीच कथा आहे, खरं खरं सांग.' त्यावर बहुतेकदा न वाचताच 'मस्त रे!' जातं, नाही तर लाल अक्षरांनी भरलेली फाइल परत येते. 'मस्त रे'ने लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि लाल फाइल पाहिल्यावर तो पुढची कथा कुणाला दाखवत नाही.

मग कच्च्या कथेवर बोलायचं कसं?

नागपूरची रामदासपेठ घ्या. हा भाग दवाखान्यांचा. विदर्भातल्या गावागावांतून पेशंट इथे येतात, नातेवाईक रिपोर्टची पिशवी सांभाळत बाहेर बसतात. समजा, इथल्या एका तरुणाने यावरच कथा लिहिली. गावाकडचा बाप, शहरात नोकरी करणारा मुलगा आणि ऑपरेशनचा खर्च. बाप विचारतो, 'काहून आनलं मले अठी?'

हे वाक्य खोडून 'मला इथे का आणलंस?' असं करणारे मित्र भरपूर सापडतात. व्याकरण सुधारतं, पण बोलणारा माणूस बदलून जातो. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतली माणसं वऱ्हाडीच बोलतात. ती बोली 'शुद्ध' केली असती तर त्या कादंबरीत काय उरलं असतं?

शुद्धलेखन तपासायचंच नाही असं नाही. पण ते शेवटी. जो प्रसंग पुढच्या खर्ड्यात उडणार आहे, त्याच्या वेलांट्या तपासून काय उपयोग? आधी पाहायचं ते एवढंच की कथा कुणाची आहे, तिच्यात काय बदलतं आणि वाचणारा कुठे अडतो.

या तरुणाला त्याच्या मैत्रिणीने असं कळवलं तर?

'बाप काउंटरवर सगळ्या नोटा ठेवतो आणि बसभाड्यापुरते पैसे मागे घेतो, तिथे मी थांबले. पुन्हा वाचलं. पण शेत विकायचं मुलाने कधी ठरवलं, ते मला कळलं नाही. दुसऱ्या पानावर दवाखान्याचं वर्णन आहे, तिथले दोन परिच्छेद मी सोडून दिले. शेवटी मुलगा रडतो, ते मला पटलं नाही.'

यात 'तू असं लिही' कुठेच नाही. कुठे काय झालं, तेवढंच आहे. दुरुस्ती लिहिणाऱ्याची. शेताचा निर्णय त्याने मुद्दाम लपवलाही असेल. पण तीन जण तिथेच अडखळले, तर ती जागा पुन्हा पाहायला हवी. तिघांनी सुचवलेले उपाय मात्र तीन असतील आणि तिन्ही चुकीचे असू शकतात.

मराठी कथेत हे काम एकेकाळी संपादक करायचे. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं नाव त्यासाठी आजही घेतलं जातं. पण १९६९ मध्ये राजा ढाले आणि लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी याच मासिकाच्या अंकाची होळी केली. ठरावीक अभिरुचीच्या चौकटीबाहेरचं लेखन तिथे मावत नाही, असा त्यांचा राग होता. मित्राच्या कथेला आपल्या आवडीच्या साच्यात बसवताना तेच होतं, फक्त होळी कुणी करत नाही.

एक नाजूक बाब. पहिल्या कथेतला बाप बऱ्याचदा लिहिणाऱ्याचाच बाप असतो. म्हणून 'तुझे बाबा असे का वागले?' असं विचारू नये. बोलायचं ते कागदावरच्या बापाबद्दल. 'पण हे खरंच असं घडलं होतं' हे उत्तर लिहिणाऱ्यानेही देऊ नये. वाचणाऱ्याला पटलं नाही, तर ते घडलं होतं की नाही याने फरक पडत नाही.

वेळ नसेल तर 'रविवारपर्यंत वाचतो' असं सरळ कळवावं. दोन निळ्या टिक आणि आठवडाभर शांतता, याचा अर्थ समोरचा एकच काढतो.