कामाच्या आवारात उभ्या वाहनाचे नुकसान : भरपाईची जबाबदारी कोणाची?

दिवाळी उलटली की वऱ्हाडात कापसाचा हंगाम भरास येतो. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील बाजार समित्यांची आवारे, जिनिंग-प्रेसिंग कारखाने, रेल्वेचे मालधक्के आणि औद्योगिक वसाहतींतील गुदामे या काळात मालमोटारींनी गजबजून जातात. कापूस आत येतो. रुईच्या गाठी व सरकी बाहेर पडते. पूर्वी या आवारांत बैलबंड्यांच्या रांगा लागत. आज तेथेच ट्रॅक्टर, लहान मालवाहने, शेतकऱ्यांच्या मोटारसायकली आणि कामानिमित्त आलेल्या नागरिकांच्या मोटारी शेजारी-शेजारी उभ्या राहतात.

अशा गर्दीत वजनकाट्याकडे मागे घेतली जाणारी मालमोटार एखाद्या उभ्या मोटारीस धडकते, किंवा मालमोटारीवरील गाठ घसरून शेजारच्या वाहनाच्या टपावर पडते. सुदैवाने कोणास इजा होत नाही. म्हणून प्रकरण किरकोळ मानले जाते. परंतु कर्ज काढून वाहन घेतलेल्या शिक्षकास वा शेतकऱ्यास दुरुस्तीचा खर्च किरकोळ नसतो. भरपाईची मागणी केली की त्यास बहुधा तीन उत्तरे मिळतात : 'हे खाजगी आवार आहे, येथे रस्त्याचे कायदे चालत नाहीत', 'गाडी आपल्या जबाबदारीवर उभी करावी असा फलक लावलेला आहे', आणि 'मालमोटार आमची नाही, वाहतूकदाराची आहे'. ही तिन्ही उत्तरे कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

कुंपणाने जबाबदारी संपत नाही

निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करणाऱ्याने ते भरून दिले पाहिजे, हे तत्त्व जागेच्या मालकीवर अवलंबून नाही. आवार खाजगी असले तरी चालकाची काळजी घेण्याची जबाबदारी सुटत नाही. चालक हा मालकाच्या कामावर असताना त्याच्या हातून चूक घडली, तर चालकाबरोबर मालकही भरपाईस बांधला जातो.

जागेचा प्रश्न निर्माण होतो तो मुख्यतः विम्याच्या संदर्भात. मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा त्रयस्थ विमा हा 'सार्वजनिक जागी' वाहन वापरण्यासाठी आहे. तेव्हा बाजाराचे वा कारखान्याचे आवार ही सार्वजनिक जागा ठरते काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ मध्ये या संज्ञेचा अर्थ व्यापक लावला. जमीन खाजगी मालकीची असली तरी लोकांना तेथे प्रवेश असेल, मग तो मुक्त असो वा नियंत्रित, तर विम्याच्या प्रयोजनासाठी ती सार्वजनिक जागा होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. फाटकावर पहारेकरी आहे किंवा प्रवेशपत्र द्यावे लागते, एवढ्याने आवार कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. शेतकरी, अडत्ये, हमाल, वाहतूकदार यांची रोज ये-जा असलेल्या बाजार आवाराबाबत तर शंकेस फारसा वाव राहत नाही.

मालमोटार उभी असताना माल पडून नुकसान झाले तर काय, असाही प्रश्न विचारला जातो. सातारा जिल्ह्यात १९८७ मध्ये महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये असे सांगितले की, वाहनाचा 'वापर' म्हणजे केवळ ते धावत असणे नव्हे. थांबलेल्या वाहनातून उद्भवलेला अपघातही वापरातूनच उद्भवलेला असू शकतो. हे तत्त्व माल चढवण्या-उतरवण्याच्या प्रसंगीही मार्गदर्शक ठरते.

मालक कोण, विमा किती?

वाहतूकदार, कंत्राटदार आणि कारखानदार एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा प्रथम नोंदणी पाहावी. मालमोटार विकली परंतु नोंदणी बदलली नाही, अशा प्रकरणी नोंदणीकृत मालकच कायद्याने मालक समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आवारात पुष्कळदा चालकाऐवजी क्लीनरच गाडी मागेपुढे घेतो. त्याच्याजवळ परवाना नसल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते. मालकाची जबाबदारी मात्र कायम राहते.

मालमोटारींच्या प्रचलित विमापत्रांत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सामान्यतः साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. हप्त्यात थोडी बचत करण्यासाठी काही मालक ही मर्यादा सहा हजार रुपयांवर आणतात. तसे केले असल्यास त्यापुढील रक्कम मालकास स्वतः द्यावी लागते. तसेच विमेदाराच्या स्वतःच्या मालकीची किंवा ताब्यातील मालमत्ता या संरक्षणातून वगळलेली असते. म्हणून कारखानदाराने पाहुण्याच्या मोटारीची किल्ली आपल्याकडे ठेवून घेतली आणि त्याच्याच मालमोटारीने तिला धडक दिली, तर विमा कंपनी दायित्व नाकारू शकते व भार कारखानदारावर येतो.

शासकीय वाहनांबाबतही हाच विचार लागू पडतो. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीनंतर परत आणताना चालकाच्या निष्काळजीपणाने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणी राज्यशासन भरपाईस जबाबदार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. वाहन शासनाचे आहे, हा बचाव होऊ शकत नाही.

फलकाचे मोल

आवार चालवणाऱ्या संस्थेची जबाबदारी ठरवताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. नागरिकाने मोकळ्या जागेत स्वतः गाडी लावली, किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर त्यास केवळ जागा वापरण्याची परवानगी मिळालेली असते. इंग्लंडमध्ये १९३७ मधील एका प्रसिद्ध प्रकरणी न्यायालयाने हाच दृष्टिकोन स्वीकारला होता. याउलट किल्ली पहारेकऱ्याच्या हाती देऊन गाडी सोपवली, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तो निक्षेप होतो, आणि कलम १५१ प्रमाणे सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी संस्थेने घेतली पाहिजे. हॉटेलच्या सेवकाकडे सोपवलेल्या मोटारीच्या प्रकरणी २०१९ मध्ये निर्णय देताना, 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापले म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

किल्ली सोपवलेली नसली तरी आवारातील माणसानेच मालमोटारींच्या वळणावर गाडी उभी करण्यास सांगितले असेल, किंवा रात्रीच्या कामासाठी पुरेसा उजेडच ठेवला नसेल, तर संस्थेच्या स्वतःच्या चुकीचा विचार होऊ शकतो. मात्र 'येथे वाहन लावू नये' अशी स्पष्ट सूचना डावलून काट्याच्या वाटेवरच गाडी लावणाऱ्या नागरिकाच्या भरपाईत त्याच्या दोषाच्या प्रमाणात कपात होऊ शकते, हेही विसरू नये.

दाद कोठे मागावी?

मालमोटारीचा मालक, चालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. जीवितहानी नसेल तर न्यायाधिकरण दखल घेत नाही, हा समज चुकीचा आहे. अपघात घडला तेथे, किंवा अर्जदार वा प्रतिवादी राहतो तेथे अर्ज करता येतो. म्हणजेच अमरावतीच्या आवारात नुकसान झालेल्या अकोल्याच्या रहिवाशास अकोल्यातही दाद मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा आहे. या मुदतीचा प्रश्न न्यायालयांपुढे गेलेला असला तरी नागरिकाने ती पाळणेच हिताचे आहे.

केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेले यंत्रवाहन कायद्याच्या व्याख्येत 'मोटारवाहन' ठरत नाही. गाठी उचलणाऱ्या अशा यंत्राने नुकसान केले तर दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते.

मृत्यू वा गंभीर इजेच्या काही दाव्यांत दोष सिद्ध न करताही भरपाई मिळते. मालमत्तेच्या दाव्यात मात्र निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. उभ्या, रिकाम्या मोटारीस चालती मालमोटार धडकली असेल तर घटना स्वतःच बरेच काही सांगते. तथापि तिचा पुरावा त्याच दिवशी जमवला पाहिजे. वाहने हलवण्यापूर्वी छायाचित्रे, मालमोटारीचा क्रमांक, फाटकावरील नोंदवहीतील नोंद, वजनकाट्याची पावती, प्रत्यक्षदर्शींची नावे, दुरुस्तीचे अंदाजपत्रक व देयके ही दाव्याची खरी आधारशिला होय. स्वतःच्या विमा कंपनीसही तत्काळ कळवावे. तिच्याकडून भरपाई मिळाल्यास तीच रक्कम दुसऱ्यांदा मागता येत नाही.

कलम १३४ नुसार त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी चालकाने चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात माहिती देणे बंधनकारक आहे. विमा व मालकाचा तपशील मिळत नसेल तर दावेदारास कलम १६० अन्वये तो पोलीस वा नोंदणी अधिकाऱ्याकडून मागता येतो. हेतू वा जाणीव नसताना केवळ निष्काळजीपणाने झालेले नुकसान 'आगळीक' हा गुन्हा होत नाही. त्यामुळे पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणजे भरपाईचा हक्क बुडाला, असे समजण्याचे कारण नाही.

आवाराची व्यवस्था

वऱ्हाडास बाजार-नियमनाची जुनी परंपरा आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथील कापूस बाजार १८८६ मध्येच नियमनाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. माप व व्यवहार यांना जी शिस्त त्या काळी लागली, तीच आता आवारातील वाहनांस लावणे आवश्यक आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लहान वाहनांची जागा काट्यापासून व माल उतरवण्याच्या ओट्यापासून वेगळी आखावी. येण्याची व जाण्याची वाट निरनिराळी ठेवावी. मालमोटार मागे घेताना खाली उतरून इशारा देणारा माणूस असावा. परवानाधारक चालकाखेरीज कोणी गाडी हलवू नये. फाटकावर वाहन क्रमांकाबरोबर विम्याची मुदतही नोंदवावी. बाजार समित्यांनी आपल्या नियमांत आणि ग्रामपंचायतींनी आठवडी बाजार व बांधकाम साहित्याच्या आवारांत या गोष्टींचा अंतर्भाव केल्यास बहुतेक अपघात टळतील.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर नोंदवही पुढे करून सत्य सांगणारे आवार हेच नागरिकाचा मोठा आधार ठरेल. जबाबदारी नाकारणाऱ्या फलकापेक्षा अचूक ठेवलेली नोंद आवाराच्या प्रतिष्ठेचे अधिक चांगले रक्षण करते.