झोपेची गोळी : उपकार आणि अपाय

घरोघरीच्या औषधांच्या डब्यात हल्ली झोपेची गोळी सापडते. आजीसाठी आणलेली गोळी परीक्षेच्या धास्तीने नातवाने घेतल्याचेही आमच्या कानी येते. म्हणून ही गोळी शरीरात नेमके काय करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरते. ते पेशीवरील ग्राहीला चिकटले की क्लोराइडचे द्वार उघडते व पेशी शांत होते. एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ साली पुढे आणलेल्या बार्बिटॉलच्या कुळातील औषधे हे द्वार अधिक काळ उघडे ठेवतात. मात्रा वाढल्यास गाबावाचूनही ते उघडतात. त्यामुळे श्वास थांबून मृत्यू ओढवत असे.

लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ साली डायझेपाम बाजारात आले. ही औषधे गाबा असेल तेव्हाच द्वार अधिक वेळा उघडवतात. म्हणून ती तुलनेने सुरक्षित. मात्र दारूची जोड मिळाली की ही सुरक्षितता उरत नाही. डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस राहतो. वृद्धांचा तोल जाऊन हाड मोडू शकते. रोजच्या सेवनाने मेंदू सरावतो व तीच मात्रा अपुरी पडू लागते. एकाएकी बंद केल्यास झटकेही येतात.

तेव्हा पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आणि चालू असलेली आपल्या मनाने तोडू नये. ती हळूहळू कशी कमी करावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.