हंस झालेली चार लेकरं

तुमच्या ओळखीतलं कुणी डब्लिनला मास्टर्स करत असेल (आणि हल्ली प्रत्येक कॉलेजातून असा एखादा सिनियर निघतोच), तर त्याला एक काम सांगा. पार्नेल स्क्वेअरला जा म्हणावं, आणि तिथून व्हिडिओ कॉल लाव. माझी मावसबहीण, आमच्या वरूडचीच, सध्या तिकडं शिकते. तिला मी हेच सांगितलं. आयर्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागं. त्यामुळं इकडं दिवेलागण झालेली आणि तिकडं भर दुपार. तिच्या हातात कॉफी, माझ्या हातात संत्र्याची फोड, मध्ये जागोजागी अडकणारं नेटवर्क.

ती जिथं उभी होती त्या बागेचं नाव ‘गार्डन ऑफ रिमेम्ब्रन्स’. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांची बाग. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, आठवडाभरात चिरडला गेला. शरण आलेल्या बंडखोरांपैकी कित्येकांना त्या रात्री इथंच, रोटुंडा हॉस्पिटलच्या आवारात, उघड्यावर बसवून ठेवलं होतं. पुढं त्यांच्यातल्या नेत्यांना गोळ्या घातल्या. उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये, त्या जागेवर ही बाग सुरू झाली. उद्घाटन केलं राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी. ते स्वतः त्या उठावातले एक कमांडर. त्यांनाही मृत्युदंडाची शिक्षा झाली होती, पण ती पुढं जन्मठेपेत बदलली.

बाग रस्त्यापेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, त्यामुळं गाड्यांचा आवाज वरच राहतो. मधोमध क्रुसाच्या आकाराचं पाण्याचं लांबट टाकं. आता इथं काय बघायला मिळेल असं तुम्हाला वाटतं? बंदूक घेतलेला शिपाई? छाती काढून उभा नेता? मलाही तेच वाटत होतं. ताईनं कॅमेरा वर फिरवला.

“अरे पाय ना बावा, लेकरं खाली पडून राह्यले अन् हंस वर चालले!”

एका वाक्यात तिनं अख्खं शिल्प सांगून टाकलं. ब्रॉन्झमधली चार मुलं, अंग पिळवटलेली, खाली कोसळताहेत. आणि त्यांच्यातूनच चार हंस पंख पसरून वर झेपावताहेत. मूल कुठं संपतं आणि पक्षी कुठं सुरू होतो ते नीट कळत नाही. ऑशिन केली नावाच्या शिल्पकारानं केलेलं हे काम १९७१ मध्ये इथं बसलं. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही हात आभाळाकडं फेकून उभा असलेला कामगार नेता जिम लार्किन, तो पुतळाही याच केलीचा.

ही मुलं म्हणजे ‘लिरची लेकरं’. आयर्लंडमध्ये शाळेतल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेली जुनी कथा. लिर नावाचा राजा. त्याला चार मुलं: मोठी फिनूला, तिचा भाऊ ए, आणि कॉन-फिआक्रा ही जुळी. आई मेली. मग राजानं तिच्याच बहिणीशी, ईफाशी, लग्न केलं. म्हणजे सावत्र आई झाली ती सख्खी मावशी! आपण म्हणतो ‘माय मरो, मावशी जगो’. आयर्लंडमध्ये ही म्हण चालली नसती बहुतेक. राजाचा जीव मुलांतच अडकलेला बघून ईफा जळफळली आणि एका तळ्यावर नेऊन तिनं चौघांना शाप दिला. नऊशे वर्षं हंस होऊन राहा. तीनशे वर्षं एका तळ्यात, तीनशे वर्षं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या थंडगार समुद्रात, आणि शेवटची तीनशे पश्चिमेकडच्या एका बेटापाशी.

पण आवाज माणसाचाच राहिला. ते हंस गायचे, आणि ऐकायला लोक तळ्याकाठी जमायचे. समुद्रातल्या थंडीत फिनूला धाकट्या भावांना आपल्या पंखांखाली घ्यायची. नऊशे वर्षं संपली, चर्चची घंटा वाजली, शाप सुटला. पिसं गळाली आणि आत निघाली चार जख्ख म्हातारी माणसं. थोड्याच वेळात चौघंही गेली. एकाच खड्ड्यात त्यांना पुरलं.

मला वाटलं, हे काय! सुटका झाली आणि लगेच मेली? स्वातंत्र्याच्या बागेत ही असली गोष्ट कोण ठेवतं? पण जरा थांबून विचार केला की ती जागेवर बसते. आयर्लंडमध्ये पहिले नॉर्मन सरदार उतरले ११६९ मध्ये. तिथले लोक सहज बोलता बोलता ‘आठशे वर्षांचं राज्य’ म्हणतात. रूप दुसऱ्याचं, आवाज मात्र आपला, हे एवढा काळ सोसलेल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नसेल. आणि ज्यांनी शाप सोसला त्यांना सुटकेनंतरचं आयुष्य मिळालंच नाही, हेही १९१६ वाल्यांच्या बाबतीत खरंच आहे की.

टाक्याच्या तळाशी मोझेक आहे. निळ्या-हिरव्या लाटा, आणि त्यात मोडलेले भाले, तलवारी, ढाली. लढाई संपली की शस्त्रं मोडून पाण्यात टाकायची, अशी तिथल्या जुन्या केल्ट लोकांची रीत. आपल्या पांडवांनी शमीवर शस्त्रं ठेवली ती परत काढण्यासाठी. इथं ती परत काढायचीच नाहीत. २०११ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ याच पाण्यापाशी आली आणि तिनं पुष्पचक्र वाहिलं. ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांचीच राणी!

ताईला मी विचारलं, लोक काय करताहेत? ती म्हणाली, बाकड्यांवर बसून सँडविच खाऊन राह्यले, आणि एक बारकी पोरगी आईला विचारून राह्यली की हे लोक पक्षी काहून झाले.

ते ‘काहून’ माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आपल्याकडं स्मारकं काही कमी नाहीत. आमच्या वरूड तालुक्यातल्या बेनोड्याच्या नावातच कंसात ‘शहीद’ लिहिलेलं असतं. तीच गोष्ट नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीची. एसटीच्या पाटीवर आपण ते रोज वाचतो आणि पुढची गाडी कितीला आहे ते बघतो. ऐंशीच्या दशकात सरकारनं राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली, त्यातली बरीचशी एकाच नकाशावरची. मी इंटर्नशिपच्या निमित्तानं एका गावातल्या स्मारकात गेलो तर दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं, यावर पानठेल्यावरच्या तिघांची तीन उत्तरं. आत नावांची फरशी असते हे मला माहीत होतं. नावं असायलाच हवीत, त्यावर वाद नाही. पण नावांची यादी बघून कुठलंही लेकरू ‘काहून’ विचारत नाही.

आणि आयर्लंडशी आपलं नातं काही ओढूनताणून लावलेलं नाही. डब्लिनचा उठाव सुरू झाला २४ एप्रिल १९१६ ला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्दच मुळात आयरिश राजकारणातला. टिळकांच्या लीगच्या हद्दीत आपलं वऱ्हाडही होतं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर टिळकांचे जवळचे सहकारी.

हंस पाहिजे असेल तर तोही आपल्याकडं आहे. नळाचा निरोप दमयंतीला सांगणारा सोन्याचा हंस उतरला तो विदर्भाच्या राजवाड्यातच. पण तो पडला प्रेमाचा दूत. हुतात्म्यांच्या बागेत त्याला बसवणं मला पटत नाही.

आष्टीचं मात्र वेगळं आहे. तिथं लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले तो दिवस १६ ऑगस्ट १९४२. गावागावांत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी वातावरण तापलेलं. गोळीबार झाला, माणसं पडली. चिडलेल्या जमावानं ठाणं पेटवलं, त्यात पोलीसही मेले. आणि त्या दिवशी होती नागपंचमी. आपल्याकडं या दिवशी नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, घरात बाया विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत. मुक्या जिवाला चुकूनही इजा होऊ नये म्हणून.

आजीकडून या सणाची कहाणी तुम्हीही ऐकली असेल. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात. ती चिडून त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते आणि उरलेल्या लेकीला मारायला तिच्या सासरी जाते. तिथं लेक पाटावर नागाचं चित्र काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून पूजा करत असते. नागिणीचा राग उतरतो. ती अमृत देते. लेक माहेरी जाऊन ते सगळ्यांच्या तोंडात घालते, आणि मेलेली माणसं उठून बसतात.

नांगर, मेलेली पिल्लं, सूड, पाटावरचा नाग, आणि शेवटी उठून बसणारी माणसं. केलीला हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं यातलं काय घडवलं असतं, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, उठून बसणारी माणसं. मला वाटतं, पाटापाशी बसलेली लेक. अमरावतीला फाइन आर्ट करणाऱ्या माझ्या एका मित्राला दोन्ही पटलेलं नाही. तो म्हणतो, नांगर. सध्या तो मातीत एक छोटं मॉडेल करून बघतोय.